शेऱ्याचा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

…आणि दूध उतू गेलं. ते पुसता पुसताच मी ह्यांना सांगितलं, की निळा स्वेटर आज मिळायचा नाही. आदल्या दिवशी पंपाचं तेल बाहीवर सांडून आले होते, म्हणून उठल्या उठल्या मी तो साबणाच्या पाण्यात टाकला होता. केर काढून झाला होता, आईंचं अंघोळीचं पाणी तापत होतं, पिळलेले कपडे बादलीत पडले होते. हे दारात उभे. म्हणाले, "आता मी त्या खोलीत गारठून मेलो तर पाप तुझ्या डोक्यावर." मी म्हटलं, "बावीस वर्षं काढलीत तिथं, एका दिवसात काही मरत नाही माणूस." मग खुंटीवरचा जुना तपकिरी कोट काढला. त्याचं वरचं बटण लोंबत होतं. तपकिरी दोरा सापडेना, तेव्हा काळ्यानंच शिवलं, त्यांच्या अंगावरच. "हलू नका, टोचेल." "टोच. मला सवय आहे," म्हणाले आणि हसत जिना उतरले. मी स्वेटर दोरीवर टाकला. तो वाळायच्या आत प्रयोगशाळेची गाडी दारात आली.

एवढंच. हे गेले त्या दिवसाची ती सकाळ रोज आठवते अशातला भाग नाही. आज आठवली कारण भावोजी कागद घेऊन आले होते.

हे प्रयोगशाळेत टाक्या भरायचे. तिथं क्वांटम संगणक आहे आणि तो भयंकर थंड ठेवावा लागतो. त्यासाठी मागच्या टाकीखोलीत द्रव नायट्रोजन असतो. तो उकळून खोलीत पसरला की प्राणवायूला बाजूला सारतो. वास नाही, रंग नाही, ठसका नाही. माणूस उभ्या उभ्या पडतो. म्हणून भिंतीवर एक भोंगा असतो, प्राणवायू कमी झाला की ओरडणारा. त्या दिवशी तो ओरडला नाही. चौकशीत असं ठरलं, की भोंग्याची विजेची पिन ह्यांनी स्वतःच काढून ठेवली होती.

भावोजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. तिथंच इंजिनिअर आहेत. ह्यांनीच शिकवलं त्यांना, स्वतःचं शिक्षण सोडून. ह्यांच्या मागं मला तिथं नोंदवहीचं काम मिळालं तेही भावोजींमुळेच. सख्खा भाऊ करणार नाही इतकं केलंय त्यांनी माझ्यासाठी.

आज म्हणाले, "वहिनी, वर्ष होत आलं. फाइल बंद करायचीय. 'निष्कर्ष मान्य आहे, हरकत नाही' एवढंच लिहिलंय. वीस तारखेपर्यंत सही लागते."

मी म्हटलं, "ठेवून जा. वाचून करीन."

"त्यात वाचण्यासारखं काय आहे? उगाच त्रास होईल तुम्हाला."

आई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अरे, ही वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. ठेव आणि जा."

खरं आहे. सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. ही रोजनिशीही त्यातलीच खोड.

५ फेब्रुवारी, गुरुवार

माझं काम सोपं आहे. दर तासाला पडद्यावरचे आकडे वहीत उतरवायचे. तापमान, टाकीची पातळी, सुट्या चुका, एकत्र चुका. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोरा जातो. पडद्यावरचं सगळं संगणक आपलं आपण साठवतोच, पण मोठ्या साहेबांचा कागदावर विश्वास जास्त. भावोजी म्हणतात, ही वही म्हणजे प्रयोगशाळेचा देव्हारा आहे, पूजा होते, देव कुणी पाहिलेला नाही.

हे असताना वही हेच लिहायचे. मी पहिल्या दिवशी कामाला बसले तेव्हा आधीच्या पानावर त्यांचं अक्षर होतं. मी नवी वही मागून घेतली. जुन्या वह्या कपाटात ठेवल्या. अजून उघडल्या नाहीत.

इथं एक मुलगी संशोधन करते. केस कधी विंचरलेले पाहिले नाहीत. मी तिला झिपरी म्हणते, ती मला काकू. मला समजावून सांगायचा तिला कंटाळा नाही, हा तिचा मोठा गुण. आज मी विचारलं, की सुट्या चुकांचे आकडे एवढे मोठे असूनही तुम्ही ढुंकून बघत नाही, आणि एकत्र चुका तीस झाल्या की तोंडं उतरतात, ते का?

म्हणाली, "काकू, क्युबिट म्हणजे या यंत्रातला आकडा धरून ठेवणारा कण, फार हलक्या कानाचं पोर. जरा कुणी खाकरलं की फिरलं. म्हणून आपण एकट्यावर भरवसा ठेवतच नाही. एकच गोष्ट पुष्कळ जणांत मिळून सांभाळायला देतो. एक चुकला की शेजारच्यांवरून कळतं."

"टाका सुटल्यासारखं," मी म्हटलं. "विणताना एक टाका सुटला, तर वरच्याखालच्या ओळीवरून उचलता येतो."

"अगदी! आणि सुईच निसटली तर?"

"तर ओळच गेली."

"तीच एकत्र चूक. सगळे एकदम, एकाच बाजूला चुकले, की चूकच खरी ठरते. यंत्राला वाटतं, एवढे जण सांगतायत म्हणजे बरोबरच असणार."

घरी येऊन आईंना सांगितलं. म्हणाल्या, "यात यंत्र कशाला लागतं? आमच्या गल्लीत रोज होतं हे."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवल! काल संध्याकाळपर्यंत एकत्र चुका तासाला तीसच्या वर होत्या. आज सकाळी चार. मग पाच, तीन, चार. मला वाटलं पडदा बिघडला. भावोजींनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्यांची नवी गणनपद्धत लागू पडली म्हणे. वीस तारखेला बाहेरचे तज्ज्ञ प्रात्यक्षिक बघायला येणार आहेत. मोठ्या साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं. हे असते तर अख्ख्या इमारतीला सांगत सुटले असते, की माझा धाकटा आहे तो.

वीस तारीख. सहीचीही तीच. घरी आल्यावर लक्षात आलं.

८ फेब्रुवारी, रविवार

फाइल वाचली. साठ पानं आहेत. दोनदा उठले, एकदा भांडी घासून आले, पण वाचली.

तीन साक्षी आहेत. दारावरचा पहारेकरी, वायरमन आणि भांडारपाल. भावोजी त्या दिवशी बाहेरगावी होते, म्हणून त्यांची साक्ष नाही. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलंय, तरी एकसारखंच. सकाळी हे निळा स्वेटर घालून आले, 'हा भोंगा यंत्राला त्रास देतो, पिन काढून ठेवतो' असं म्हणाले आणि टाकीखोलीकडं गेले.

तीन माणसं खोटं कशाला बोलतील? ह्यांना सांगायची सोय नव्हती हे खरं. घरातसुद्धा गिझरचं बटण स्वतःच उघडून बसायचे. वर्षभर मी मनात म्हणत होते, की असं नसेल. आता वाटतं, असेलही.

एका गोष्टीनं मात्र डोळे भरून आले. तिघांच्याही लक्षात माझा स्वेटर होता. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत थंडी वाजते म्हणाले म्हणून विणला होता, आणि उरलेल्या लोकरीत भावोजींनाही एक. बावीस वर्षांत दोनदा बाह्या उसवून नव्या विणल्या. माणसं गेलेल्या माणसाचं काय लक्षात ठेवतील सांगता येत नाही.

सही उद्या करीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सही केली नाही. पेन हातात घेतलं की पाणी प्यायला उठते.

झिपरी आज घुश्शात होती. आकडे चांगले येतायत आणि ही कपाळाला आठ्या घालून बसलेली. विचारलं तर म्हणाली, "काकू, गणनपद्धत काय करते? चुका होऊन गेल्यावर दुरुस्त करते. तुम्ही वहीत उतरवता ते दुरुस्तीच्या आधीचे आकडे. ते कसे कमी झाले? औषध घेतल्यावर ताप उतरेल, पण औषध घ्यायच्या आधीच उतरला तर?"

"तर ताप नव्हताच."

"किंवा कुणीतरी गुपचूप खिडकी उघडली."

मला फारसं समजलं नाही. भावोजींवर जळते की काय, असंही मनात आलं. विषय बदलावा म्हणून तिला विचारलं, की एकत्र चुकांचं तुम्ही एरवी करता तरी काय?

तर ती खुलली. म्हणाली, "आधी ओळखायच्या. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे दोघं तिघं एकाच क्षणी एकसारखे चुकले की समजायचं, मागं हात एकच आहे. लिफ्ट असेल, विजेची सामाईक तार असेल, आकाशातून येणारा एखादा कण असेल. हात सापडला तर थांबवायचा. नाहीच सापडला, तर निदान त्यांची मतं वेगवेगळी मोजायची नाहीत. डोकी पाच असली तरी मत एकच धरायचं."

"पण सगळे एकसारखं बोलले म्हणजे खरंही असू शकतं की."

"असतंच काकू. खरं पुष्कळांना आपापलं सापडतं. बेरीज बरोबर आली तर वर्गात सगळ्यांची सारखीच येते. पण सगळ्यांची एकाच आकड्यात चुकली, तर बाई काय म्हणतात?"

"कुणाची वही बघितलीत, म्हणतात."

हसली आणि बादली घेऊन टाकीखोलीकडं गेली. नायट्रोजन भरायला नवा माणूस अजून नेमलेला नाही, आळीपाळीनं ही मुलंच भरतात.

११ फेब्रुवारी, बुधवार

आईंचे गुडघे. दिवसभर त्यातच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सुट्टी घेतली. सकाळी सहज ही वही चाळत होते. तीन तारखेचं पान वाचलं आणि तशीच बसून राहिले.

स्वेटर दोरीवर होता.

मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. साबणाच्या पाण्यात टाकला, दोरीवर टाकला, वाळला नव्हता. आणि पाच दिवसांनी तिघांच्या साक्षी वाचून त्याच स्वेटरसाठी रडले. मला इतकी हौस त्यांना त्या स्वेटरमध्ये बघायची, की जे मी स्वतः धुतलं तेही विसरले.

ट्रंक उघडली. दवाखान्यातून आलेली पिशवी वर्षभर तशीच होती. तपकिरी कोट. वरचं बटण काळ्या दोऱ्याचं.

एकाला चुकून निळा दिसला असता तर मी समजू शकले असते. डोळ्यांना सवय असते. पण तिघांना? गेटावरच्याला, तारा बघणाऱ्याला आणि भांडारात बसणाऱ्याला? एकच चूक, एकाच जागी.

कुणाची वही बघितलीत?

१४ फेब्रुवारी, शनिवार

पहारेकऱ्याकडं गेले. पिशवीत कोट होता.

तो मला बघून उभा राहिला. ह्यांचा आणि त्याचा रोजचा चहा ठरलेला. मी काही प्रस्तावना केली नाही. कोट त्याच्या टेबलावर ठेवला.

त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "त्यांना बाहेर काढल्यावर कोटाची बटणं मीच उघडली होती, वहिनी. वरचं निघेना. घट्ट शिवलं होतं कुणीतरी."

"मी."

"काळा दोरा."

"मग निळा स्वेटर कुठून आला तुमच्या साक्षीत?"

"मी वाचलं नाही हो. टाइप करून आणलं होतं. म्हणाले, तिघांनी सह्या करा, नाहीतर चौकशी तुमच्यावर येईल, दार तुमच्या ताब्यात होतं. माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती." मग मान खाली घालून म्हणाला, "ते तर मला काहीच बोलले नव्हते त्या दिवशी. 'आज कोटात साहेब दिसतोय ना?' एवढंच म्हणाले."

"कोण म्हणालं सह्या करा?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मी त्याची थट्टाच करतेय. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मग माझ्या तोंडून नको," म्हणाला.

मोठे साहेबच असणार. त्यांना प्रयोगशाळेच्या नावाची काळजी. भावोजींना सांगायला हवं, ते बघतील काय करायचं ते. त्यांना केवढा धक्का बसेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भावोजींना सांगायच्या आधी हाताशी काहीतरी असावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ह्यांच्या जुन्या वह्या काढल्या.

सगळे आकडेच बघतात. मी शेरे वाचले.

ह्यांचं अक्षर कललेलं, मोठं. 'पंप गरम.' 'दार नीट लागत नाही, सांगितले.' 'नवीन बादली द्यावी, तिसऱ्यांदा लिहितो.' हसू आलं. मग गेल्या वर्षीच्या जानेवारीपाशी आले.

जानेवारीच्या नऊ ते बारा तारखांना ह्यांचं अक्षर नाही. हे तेव्हा तापानं घरी होते, आईंनी काढा करून दिलेला मला आठवतो. चारही दिवस अक्षर भावोजींचं. आठ तारखेला एकत्र चुका बत्तीस. नऊ तारखेला चार. तेरा तारखेला हे कामावर आले. त्यांचा शेरा: 'भोंगा बंद आढळला. पिन लावली.' त्याच तासाला एकत्र चुका एकतीस.

वीस जानेवारी, पुन्हा चार. एकवीसला शेरा: 'भोंगा बंद आढळला. पिन लावली.' तेहतीस. अठ्ठावीसला परत तेच. फेब्रुवारीच्या पाच तारखेला: 'भोंगा बंद आढळला. पिन लावली. धाकट्याला समज दिली.'

धाकट्याला.

वही मिटली, परत उघडली. अक्षर बदललं नव्हतं.

झिपरीला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, की तो भोंगा आणि तुमची यंत्रं एकाच तारेवर आहेत का? म्हणाली, "हो, जुनी इमारत आहे ना. का काकू?" मी म्हटलं, "सहज."

भावोजी लहान असताना ह्यांनी त्यांना सायकल शिकवली. मागं धरून पळायचे. हे सारखं का आठवतंय कळत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वर्ष झालं.

आईंना सांगितलं. त्यांच्यापासून लपवून कुठं ठेवणार? आणि मला एकटीला ते पेलेना. कोट दाखवला, शेरे मी उतरवून आणले होते ते वाचून दाखवले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्यानं वाचावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगाव्या लागतात याची मला लाज वाटली.

त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. मग म्हणाल्या, "मला दोनच."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तर सही करते. एक तरी राहील तुम्हाला."

"मी काय म्हणणार? माझं मत धरू नकोस यात. मी दोघांची आहे." आणि थोड्या वेळानं, "त्याला जेवायला बोलव उद्या. त्याच्या तोंडून ऐक. निदान त्याला बोलायची संधी तरी दे, थोरल्याला कुठं मिळाली."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी आले. स्वयंपाकघरात बसले, नेहमीच्या जागेवर. वाढून झाल्यावर मी विचारलं, "भावोजी, त्या दिवशी ह्यांच्या अंगात काय होतं?"

"निळा स्वेटर. नेहमीचाच."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कुठं होतो इथं? सगळ्यांनी सांगितलं ना."

मी कोट त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, "स्वेटर धुवायला टाकला होता मी. हे कोटात गेले. सगळ्यांनी नाही सांगितलं, भावोजी. सगळ्यांना एकानंच सांगितलं. ज्यानं त्या दिवशी ह्यांना बघितलंच नव्हतं त्यानं."

त्यांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं होतं, ओरडतील किंवा रडतील. तसं काही झालं नाही. एखाद्या अडचणीच्या गणिताबद्दल बोलावं तसं बोलले.

"पिन आदल्या संध्याकाळी मी काढली होती. दोन दिवस आकडे स्वच्छ हवे होते, मी बाहेरगावी ते दाखवणार होतो. तो भोंगा दर थोड्या वेळानं स्वतःला तपासतो, आणि प्रत्येक वेळी सगळे क्युबिट एकदम हलतात. दादाला मी सांगितलं होतं, भरणा परवा कर."

"आणि पिन काढलीय हे सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर लावली असती त्यानं."

आई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. मांडीवरच्या हातांकडं बघत होत्या.

"वहिनी, दादा परत येणार नव्हता. मी अडकलो असतो तर तुमचं कोण होतं? नोकरी कुणी लावली तुम्हाला? आईचं औषध कोण आणतं? गेलेल्या माणसाला दोष लागत नाही, जिवंत माणसाचं आयुष्य जातं. दादा असता तर त्यानं स्वतः अंगावर घेतलं असतं."

"असते तर घेतलं असतं," मी म्हटलं. "तुम्ही ते न विचारता दिलंत."

"मी रोज मरतो त्या गोष्टीनं."

"रोज मरून रोज कामावर जाता?"

मग माझ्या मनात जे फिरत होतं ते एकदम पुढं आलं. माझ्याच हातानं लिहिलेले आकडे. पाच तारखेला तीसच्या वर. सहा तारखेला चार.

"भावोजी, आत्ता ती पिन कुठाय?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

"आत्ता. आज. भोंगा चालू आहे का?"

"उद्या संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे. प्रात्यक्षिक झालं की लावतो. दार उघडं ठेवायला सांगितलंय मी मुलांना. दोन आठवडे झाले, काही झालं का?"

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी विसरू शकणार नाही. समजूत घालायचा आवाज होता. वर्षभर याच आवाजात त्यांनी माझी समजूत घातली होती.

मी उठून झिपरीला फोन लावला, त्यांच्यासमोरच. म्हटलं, टाकीखोलीत जाऊ नकोस, कुणाला जाऊ देऊ नकोस, बाहेरून कडी लाव. ती म्हणाली, "का काकू?" मी म्हटलं, "भोंगा बंद आहे. ताप उतरला तो त्यामुळं." मग म्हणाली, "कालच भरून आले मी."

भावोजी उठले. सहीचे कागद टेबलावर होते, तिकडं बघितलं. आईंच्या पाया पडायला वाकले. आईंनी हात डोक्यावर ठेवला, काढला नाही बराच वेळ.

ते गेल्यावर ताट तसंच होतं. आई म्हणाल्या, "झाकून ठेवू नकोस. टाकून दे."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ट्रंकेतून निळा स्वेटर काढला आणि घातला. बाह्या लांब होतात, दुमडल्या. प्रयोगशाळेत लवकर गेले. झिपरी टाकीखोलीच्या दाराशी बसून होती. दार उघडून, वारा खेळू देऊन आम्ही दोघी आत गेलो आणि मी पिन लावली. हिरवा दिवा लागला. दहा वाजता पाहुणे आले तेव्हा पडद्यावर एकत्र चुका एकतीस होत्या. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय. मी दोन्ही वह्या त्यांच्यापुढं केल्या, गेल्या वर्षीची आणि ह्या वर्षीची. भावोजी खिडकीशी उभे होते. त्यांच्याही अंगात निळा स्वेटर होता.

दुपारी चौकशीच्या कचेरीत गेले. सही केली नाही. हरकत आहे असं लिहून दिलं, चार पानं, कोट जमा केला, पोच घेतली. पहारेकरी न बोलावता आला होता. त्यानं माझ्यानंतर लिहून दिलं, स्वतःच्या हातानं.

परत येऊन दिवसाचे राहिलेले आकडे उतरवले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'भोंगा बंद आढळला. पिन लावली.' खाली सही केली.